शीर्षप्रहेलिका : एकशे चौऱ्याण्णव अंकांचा पडताळा

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून आजवर विद्वान पंडितांची व्याख्याने झाली. मी पंडित नव्हे, गणिताचा प्राध्यापकही नव्हे. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन वडिलांच्या गादीवर बसलो आणि गेली चाळीस वर्षे याच मलकापूरच्या पेठेत कापड मोजत आलो. माझ्यासारख्याला एका संख्येवर बोलण्यास उभे करण्याचे कारण पाठशाळेची भिंत हे आहे. नव्या खोलीच्या भिंतीवर 'शीर्षप्रहेलिका' ही संख्या संपूर्ण अंकांत रंगवून घ्यावी, असे विश्वस्त मंडळाने ठरविले. अंक कोठून घ्यावयाचे, हा प्रश्न कोणालाच पडला नाही. आमच्या दुकानात वडिलांच्या हस्ताक्षरातील कागद चौकटीत घालून लावलेला आहे, तो सर्वांनी पाहिलेला आहे. वडिलांना गाव अण्णा म्हणत असे. एका चातुर्मासात प्रवचन ऐकून त्यांनी ती संख्या रोकडवहीच्या कोऱ्या पानावर उतरून घेतली होती. पेंटरला तोच कागद द्यावयाचा, असे ठरले.

मी तो कागद घेऊन पाठशाळेत गेलो असता आठवीतील एका मुलीने विचारले, "काका, हे बरोबर आहे कशावरून?"

मी उत्तर दिले, "अण्णांनी लिहिले आहे." ती गप्प बसली, पण माझे उत्तर मलाच पटले नाही. दुकानात हिशेबनीस असे उत्तर देऊ लागला तर मी त्याला क्षणभरही उभा करणार नाही.

प्रथम ही संख्या म्हणजे काय ते सांगतो. घरोघरी नाव ठाऊक असते, मोजणी ठाऊक नसते. चौऱ्याऐंशी लाख वर्षांचे एक पूर्वांग. चौऱ्याऐंशी लाख पूर्वांगांचे एक पूर्व. म्हणजे ८४ लाख गुणिले ८४ लाख, अर्थात सत्तर लाख छप्पन हजार कोटी वर्षे. भगवान ऋषभदेवांचे आयुष्य ८४ लाख पूर्वांचे सांगितले जाते ते याच मापाने. पुढे प्रत्येक पायरीला ८४ लाखांनी गुणत जावयाचे. अनुयोगद्वार सूत्रातील क्रम असा : पूर्वांग, पूर्व, त्रुटितांग, त्रुटित, अडडांग, अडड, अववांग, अवव, हूहूकांग, हूहूक, उत्पलांग, उत्पल, पद्मांग, पद्म, नलिनांग, नलिन, अर्थनिपूरांग, अर्थनिपूर, अयुतांग, अयुत, नयुतांग, नयुत, प्रयुतांग, प्रयुत, चूलिकांग, चूलिका, शीर्षप्रहेलिकांग आणि शीर्षप्रहेलिका. मोजून पाहा, पायऱ्या २८ भरतात. म्हणून शीर्षप्रहेलिका म्हणजे ८४ लाखांचा अठ्ठाविसावा घात. अंकांनी मोजावयाच्या काळाची ही शेवटची पायरी. यापुढे पल्योपम, सागरोपम अशी उपमेची मापे सुरू होतात.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पुष्कळजण या संख्येला सहजपणे 'अनंत' म्हणून टाकतात. आपल्या शास्त्राला हे मान्य नाही. संख्यात, असंख्यात आणि अनंत असे तीन वेगळे प्रकार आहेत आणि शीर्षप्रहेलिका त्यातील पहिल्यात, संख्यातात, मोडते. ती कितीही प्रचंड असली तरी तिला शेवटचा अंक आहे, ती सम आहे, तिला कशाने भाग जातो आणि कशाने जात नाही हे सांगता येते. म्हणजेच तिचा हिशेब तपासता येतो. व्यापाऱ्याला तिच्याविषयी बोलण्याचा अधिकार मिळतो तो एवढ्यावरच.

अंक किती, हे कळण्यास गुणाकार करावा लागत नाही. आमच्या वेळी कॉलेजात लॉगरिदमची कोष्टके असत. ८४ लाखांचा लॉगरिदम ६.९२४३, त्याला २८ ने गुणले की १९३.८८ येतात. म्हणजे संख्या १९४ अंकी. त्यातील शून्ये तर तोंडी सांगता येतात : ८४ लाखांत पाच शून्ये, अठ्ठावीस वेळा पाच म्हणजे १४०. राहिलेले ५४ अंक हे नुसत्या ८४ च्या अठ्ठाविसाव्या घाताचे. तुलनेसाठी सांगतो. दृश्य विश्वातील अणूंची संख्या शास्त्रज्ञ अंदाजाने एकावर ऐंशी शून्ये एवढी मानतात. एकावर शंभर शून्ये या संख्येला अमेरिकेतील गणिती एडवर्ड कॅस्नर यांच्या लहानग्या भाच्याने 'गुगोल' असे नाव दिले आणि पुढे त्या नावाची मोठी प्रसिद्धी झाली. आपली संख्या त्याहून कितीतरी मोठी आणि कितीतरी शतकांनी जुनी.

आता पडताळ्याकडे येतो. पहिली कसोटी नवाची. जुने मुनीम बेरीज तपासताना 'नऊ टाकीत' असत, ते येथील वडीलधाऱ्यांना आठवत असेल. ८४ ला ३ ने भाग जातो, म्हणून त्याच्या घाताला ९ ने भाग गेलाच पाहिजे, आणि तसा भाग जातो की नाही हे अंकांच्या बेरजेवरून कळते. अण्णांच्या कागदावरील ५४ अंकांची बेरीज मी तीन वेळा केली. ती २५२ आली. २५२ म्हणजे २८ नवे. मी निश्चिंत झालो आणि पेंटरला निरोप धाडला.

रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र एक गोष्ट मनात आली, आणि ती येथील प्रत्येक दुकानदाराच्या अनुभवाची आहे. तेरीज जुळत नाही, फरक १८ रुपयांचा किंवा ५४ रुपयांचा, म्हणजे नवाच्या पटीत येतो. अशा वेळी आपण काय शोधतो? किर्दीतून खतावणीत नेताना कोठे दोन अंक उलटे पडले आहेत काय, हे शोधतो. ५७ चे ७५ झाले की फरक १८ चा. शेजारचे दोन अंक उलटले की फरक नेहमी नवाच्याच पटीत असतो, कारण अंक तेच राहतात, फक्त जागा बदलतात. मग नवाच्या कसोटीला अंकांची उलटापालट दिसणारच कशी? हातून होणारी सर्वात सामान्य चूक हीच, आणि नेमकी तीच या कसोटीतून निसटते. हे मी हिशेबशास्त्राच्या पेपरात लिहून गुण मिळविले होते; स्वतःच्या वडिलांच्या कागदावर लावण्यास मात्र विसरलो.

दुसरी कसोटी साताची. ८४ मध्ये ७ हा अवयव आहे, म्हणून त्याच्या घाताला ७ ने निःशेष भाग गेला पाहिजे. चोपन्न अंकी संख्येला ७ ने भागीत बसणे कंटाळवाणे खरे, पण एक सोपी युक्ती आहे. १००१ म्हणजे ७ गुणिले ११ गुणिले १३. त्यामुळे संख्येचे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडावेत. पहिला, तिसरा, पाचवा अशा विषम गटांच्या बेरजेतून सम गटांची बेरीज वजा करावी. उरलेल्या लहान संख्येला ७ ने भाग गेला तर मूळ संख्येलाही जातो. अण्णांच्या कागदावरील विषम गटांची बेरीज ४२७३ आली, सम गटांची ३७१०. वजाबाकी ५६३. सात ऐंशी पाचशेसाठ, बाकी तीन.

बाकी शून्य यावयास हवी होती. मी पुन्हा बेरजा केल्या. बाकी तीनच. कागद चुकला होता.

सकाळी पेंटरला थांबविले. चूक आहे एवढे कळले होते. कोठे आहे हे कळण्यास सारा गुणाकार नव्याने करणे भाग होते. दुकानाच्या संगणकावर, ज्यावर आम्ही बिले काढतो, तेथे प्रथम प्रयत्न केला. त्या तक्त्याच्या प्रोग्रॅमने पहिले पंधरा अंक दाखविले आणि पुढे नुसती शून्ये भरली. तो तेवढेच अंक लक्षात ठेवतो, हे मला ठाऊक नव्हते. ते पंधरा अंक कागदाशी जुळत होते. म्हणजे चूक त्यापुढे होती. मग चौकटीचे कागद घेऊन हाताने बसलो. आषाढाचा महिना, आंबा घाटाकडून येणारा पाऊस खळत नव्हता, दुकानात दिवसाला चार गिऱ्हाइके. वेळ भरपूर होता.

अठ्ठावीस वेळा ८४ घेऊन गुणीत बसण्याची गरज नाही, हे मुलांनी लक्षात घ्यावे. सहा गुणाकारांत काम होते. ८४ चा वर्ग ७,०५६. त्याला ८४ ने गुणून घन ५,९२,७०४. ७,०५६ चा वर्ग ४,९७,८७,१३६, हा चौथा घात. चौथ्याला तिसऱ्याने गुणले की सातवा घात : २,९५,०९,०३,४६,५५,७४४. साताचा वर्ग केला की चौदावा, तो २७ अंकी. चौदाव्याचा वर्ग म्हणजे अठ्ठाविसावा. शेवटचा गुणाकार २७ अंकांना २७ अंकांनी. मी त्याचे तीन-तीन अंकांचे नऊ गट पाडले. ८१ लहान गुणाकार झाले असते, पण तो वर्ग असल्यामुळे पुष्कळसे जोडीने तेच येतात, म्हणून ४५ पुरले. प्रत्येक पायरीला नवाची आणि साताची अशा दोन्ही कसोट्या लावीत गेलो. दोनदा माझ्याच हातची चूक सापडली, तीही अशीच उलट्या अंकांची.

उत्तर अण्णांच्या कागदाशेजारी ठेवले. डावीकडून सातव्या गटात १५७ हवे होते, कागदावर १७५ होते. ५ आणि ७ यांची अदलाबदल. फरक १८, नवाच्या पटीत. बाकीचे सर्व अंक बरोबर.

खरे सांगावयाचे तर मला आनंद झाला नाही. अण्णांच्या खतावणीत आयुष्यभरात एक पैशाची चूक मी पाहिलेली नाही. ती प्रवचनात ऐकताना झाली, की उतरून घेताना झाली, की ज्या कागदावरून त्यांनी घेतली त्यातच होती, हे आता विचारावयाचे कोणाला? भाच्याने पुण्याहून संगणकाच्या एका भाषेत एकाच ओळीत तो घात काढून पाठविला, तो माझ्या उत्तराशी अंकन् अंक जुळला. मी दोन आठवडे घालविले ते त्याने एका क्षणात केले, याचे मला वाईट वाटले नाही. दोघांचे जुळले याचे समाधान वाटले.

आता या संख्येचे काही गुणधर्म सांगतो. तपासणीच्या निमित्ताने ते हाती लागले, आणि मला ते मूळ कामापेक्षा अधिक गोड वाटले.

८४ लाखांचे मूळ अवयव पाडले तर २, ३, ५ आणि ७ एवढेच चार निघतात. त्यामुळे शीर्षप्रहेलिकेतही दुसरा मूळ अवयव नाही : दोनाचा १९६ वा घात, तीनाचा २८ वा, पाचाचा १४० वा आणि साताचा २८ वा. एवढ्या अवाढव्य संख्येला ११ ने भाग जात नाही, १३ ने जात नाही, पण ती १९६ वेळा निःशेष अर्धी करता येते. या 'किती वेळा अर्धे होते' या कल्पनेस आपल्याकडे स्वतंत्र नाव आहे, 'अर्धच्छेद'. आचार्य वीरसेनांच्या धवला टीकेत ती येते. पाश्चात्त्यांनी लॉगरिदम काढला त्याच्या आठशे वर्षे आधी.

या संख्येचे एकूण विभाजक किती? प्रत्येक घातात एक मिळवून गुणावे : १९७ गुणिले २९ गुणिले १४१ गुणिले २९, म्हणजे २,३३,६०,४५७. ही संख्या विषम आली, कारण शीर्षप्रहेलिका हा पूर्ण वर्ग आहे. तिचे वर्गमूळ कोणते? चौदावी पायरी, म्हणजे पद्म. पद्माला पद्माने गुणले की थेट शीर्षप्रहेलिका. तसेच पूर्वाचा चौदावा घात घेतला, किंवा त्रुटिताचा सातवा घेतला, तरी तेथेच पोहोचतो. नावांची ती लांबलचक यादी पाठ करताना ही नाती मला लहानपणी कोणी सांगितली असती तर बरे झाले असते.

आणखी एक गंमत महाराष्ट्राशी संबंधित आहे. देवळालीचे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) हे शाळामास्तर. त्यांचा ६१७४ हा अंक जगभर प्रसिद्ध आहे. कोणतेही चार अंक, सर्व सारखे नसलेले, घ्यावेत. उतरत्या क्रमाच्या संख्येतून चढत्या क्रमाची वजा करावी. असे करीत गेले की सातांच्या आत ६१७४ येतो. याच कापरेकरांनी काही संख्यांना 'हर्षद' म्हटले. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने भाग जातो ती हर्षद, आनंद देणारी. ८४ घ्या : ८ आणि ४ बारा, बारा साती चौऱ्याऐंशी. ८४ हर्षद आहे. मग शीर्षप्रहेलिका? तिच्या अंकांची बेरीज २५२, आणि २५२ म्हणजे ४ गुणिले ९ गुणिले ७. हे सर्व अवयव तिच्यात आहेतच. म्हणजे आपली १९४ अंकी संख्याही हर्षद ठरते. आणि ६१७४ चे अवयव पाडले तर २, तीनाचा वर्ग आणि साताचा घन निघतात. तेही तिच्यात आहेत. म्हणून शीर्षप्रहेलिकेला ६१७४ नेही निःशेष भाग जातो. यात कोणताही चमत्कार नाही, अवयव लहान आणि घात मोठे असल्याचा तो परिणाम आहे. पण पाठशाळेतील मुलांना सांगितले तेव्हा त्यांचे डोळे विस्फारले, हे खरे.

अंकांच्या अशा सौंदर्याची आवड आपल्या आचार्यांना होतीच. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंगाच्या काळात, इ. स. ८५० च्या सुमारास, महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' रचला. त्यात गुणाकाराची काही उदाहरणे अशी आहेत की उत्तर गळ्यातील कंठ्यासारखे दोन्हीकडून सारखे दिसावे. १४,२८,५७,१४३ ला ७ ने गुणा : १,००,००,००,००१. किंवा २,७९,९४,६८१ ला ४४१ ने गुणा : १२३४५६५४३२१. घरी करून पाहावे.

एक नाजूक विषय राहिला. भिंतीसंबंधीच्या बैठकीत प्रश्न निघाला की कोणत्या परंपरेची संख्या रंगवावयाची? मी आतापर्यंत सांगितली ती अनुयोगद्वाराची. ज्योतिष्करंडक या ग्रंथात शीर्षप्रहेलिका ८४ लाखांचा छत्तिसावा घात धरतात, ती २५० अंकी होते. दिगंबर परंपरेतील तिलोयपण्णत्तीत क्रम निराळा आहे; तेथे काही पायऱ्यांना ८४ ने आणि काहींना ८४ लाखांनी गुणतात, आणि शेवटच्या मापाचे नाव 'अचलात्म'. ते ८४ चा एकतिसावा घात आणि त्यापुढे ९० शून्ये, एकूण १५० अंक. घात विषम असल्यामुळे तो पूर्ण वर्ग मात्र नाही.

तिलोयपण्णत्तीचा विषय निघाला म्हणून सांगतो. हा प्राकृत ग्रंथ सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेने १९४३ आणि १९५१ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध केला. त्याचे संपादक डॉ. हीरालाल जैन आणि आपल्या कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातील अर्धमागधीचे प्राध्यापक डॉ. आ. ने. उपाध्ये. उपाध्ये सर मूळचे सदलग्याचे. ताडपत्रे आणि हस्तलिखिते समोर ठेवून, एकात एक पाठ, दुसऱ्यात दुसरा, असे शब्दाशब्दाला ताडून पाहणे हे त्यांचे आयुष्यभराचे काम. नकलकारांच्या हातून अंक आणि अक्षरे कशी उलटतात, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? त्याच ग्रंथमालेने १९६३ मध्ये गणितसारसंग्रह हिंदी अनुवादासह काढला. हे ग्रंथ आपल्या ट्रस्टच्या कपाटात असावेत, अशी माझी विश्वस्तांना विनंती आहे. खर्चाचा भाग मी उचलीन.

बैठकीतील वाद फार वाढला नाही. भिंत मोठी आहे. वरच्या ओळीत शीर्षप्रहेलिका, खालच्या ओळीत अचलात्म, दोन्हींखाली ग्रंथाचे नाव, असा निर्णय झाला. माझ्या मते तो योग्यच झाला. अचलात्माचे साठ अंक मी अद्याप हाताने काढलेले नाहीत. ते काम पाठशाळेच्या मुलांनी घेतले आहे. अठ्ठाविसाव्या घाताला ५,९२,७०४ ने गुणले की झाले.

अण्णांचा कागद दुकानात पूर्वीच्याच जागी आहे. तो मी खोडलेला नाही. चौकटीखाली एक चिठ्ठी लावली आहे : "सातवा गट १५७ वाचावा." कोणी तपासलेले आहे, हे वाचणाऱ्याला कळावे एवढाच हेतू.

पेंटर पुढील रविवारी येणार आहे. रंगवावयाचे चोपन्न अंक मी येथे वाचून दाखवितो आणि स्मरणिकेतही छापण्यास देतो. मुद्रणात अंक उलटू शकतात, म्हणून वाचकांनी कसोटी लावून पाहावी : अंकांची बेरीज २५२, आणि विषम-सम गटांची वजाबाकी ५८१, म्हणजे सात त्र्याऐंशी. एक सावधगिरी मात्र बाळगावी. उलटलेल्या दोन अंकांत सातांचा फरक असेल, जसे १८ चे ८१, तर या दोन्ही कसोट्या फसतात. तेव्हा त्याच ५८१ ला ११ नेही भागून पाहावे, बाकी ९ आली पाहिजे.

७५८ २६३ २५३ ०७३ ०१० २४१ १५७ ९७३ ५६९ ९७५ ६९६ ४०६ २१८ ९६६ ८४८ ०८० १८३ २९६, आणि पुढे १४० शून्ये.

कोणास चूक आढळल्यास शनिवारी रात्रीपर्यंत दुकानावर कळवावे. जय जिनेंद्र.